सोबतीचा खडा

१

आमच्या घरातली माणसं तीनच, आणि तिघांनी मिळून लांब जायला निघू नये असं माझी बायको सुरुची मानते. निघायचंच असेल तर वाटेत एक खडा उचलायचा, 'तू चौथा' असं त्याला सांगायचं आणि पर्समध्ये टाकायचा. परत आलं की जिन्याखाली फेकून द्यायचा. तिच्या माहेरी हे चालतं आणि आमच्या बदलापूरच्या सोसायटीतही बऱ्याच घरांत चालतं. मी अंबरनाथच्या एमआयडीसीत एका कारखान्यात क्वालिटी कंट्रोलला आहे. मापात न बसणारा माल बाजूला काढणं हे माझं काम. दगडाला माणसांत मोजणाऱ्या बायकोची चेष्टा मी लग्न झाल्यापासून करत आलो, आणि तिनेही ती कधी मनावर घेतली नाही.

त्या रविवारी बाहेर पडायचं कारण राजसी होती, आमची एकुलती एक लेक. पावसाळा संपता संपता तिला टायफॉइड झाला, बरा झाला म्हणेपर्यंत उलटला, आणि दुसऱ्या खेपेला तिने आमच्या तोंडचं पाणी पळवलं. एका दुपारी डॉक्टरांनी मला एकट्याला बाहेर बोलावलं होतं. ते काय म्हणाले ते मी सुरुचीला अजून सांगितलेलं नाही. पुढे ताप गेला, रिपोर्ट चांगले आले, पण पोरगी जेवेना. चार घास चिवडायची आणि ताट सारायची. कॉलेज सुरू व्हायचं तसंच राहिलं होतं. हातातलं घड्याळ कोपरापर्यंत सरकायचं. ती झोपली की मी तिच्या खोलीच्या दारात उभा राहून श्वास ऐकत असे. मला भीती वाटत होती, साधी सरळ भीती, आणि ती घालवायला काय करावं ते कळत नव्हतं.

मोकळ्या हवेत नेलं की भूक लागेल, असं खालच्या मजल्यावरच्या मालिनीकाकूंनी सुचवलं होतं. राजसीला जुन्या देवळांतली शिल्पं बघून चित्रं काढायचा नाद. म्हटलं, चला, एक दिवस देवळं बघू, नदीकाठी बसू, कुठेतरी गरम भाकरी खाऊ. सकाळी जिन्यात मालिनीकाकू भेटल्याच. "तिघंच?" एवढंच त्यांनी विचारलं. वाटेत खडा घेते, असं सुरुची म्हणाली, आणि मग औषधं, थर्मास, शाल, उपम्याचा डबा या गडबडीत विसरून गेली.

२

अंबरनाथच्या शिवमंदिरात जानेवारीचं ऊन पडलं होतं. राजसी भिंतीलगत सावकाश चालत होती. मध्येच थांबून एखाद्या झिजलेल्या हत्तीवर नाहीतर नाक गेलेल्या बाईवर तळवा ठेवायची. दगड तापलाय छान, म्हणाली. गाभाऱ्यात खाली उतरावं लागतं, पायऱ्या ओल्या असतात, म्हणून मी तिचा दंड धरला. वरचं शिखर पडलेलं असल्याने आत आभाळाचा चौकोनी उजेड येतो. त्या उजेडात ती डोळे मिटून उभी राहिली. तिने काय मागितलं ते विचारलं नाही, मी काय मागितलं ते सांगायची गरज नाही.

बाहेर कट्ट्यावर बसून डबा उघडला. तिने दोन चमचे उपमा खाल्ला. मी तिकडे बघत नाही असं दाखवत होतो, आणि सुरुची तर उघडउघड बघत होती.

"तुम्ही दोघं माझा घास मोजू नका ना यार," राजसी म्हणाली आणि हसली. कित्येक आठवड्यांनी ती हसलेली बघून मला एकदम हलकं वाटलं.

मग तिनेच विषय काढला. तिची मैत्रीण उन्नती चामटोली गावाच्या पुढे नदीकाठी कुठल्याशा पडक्या देवळापाशी जाऊन आली होती, फोटो टाकले होते. फार कुणाला माहीत नाही म्हणे. सुरुचीला ऊन वाढायच्या आत घरी जायचं होतं. पण पोरीने इतक्या दिवसांत स्वतःहून काहीतरी मागितलं होतं. ती नाशिकला चल म्हणाली असती तरी मी गाडी वळवली असती.

३

डांबरी रस्ता सोडून बैलगाडीच्या वाटेने थोडं आत गेलो आणि गाडी उभी केली. भाताची कापलेली शेतं, पुढे सागाची झाडं आणि त्यांच्यापलीकडे नदी. देवळाचं जोतं तेवढं शिल्लक होतं. त्यावर एक दगडी चौकट उभी, तिच्या आत ना भिंत ना देव. चौकटीतून पलीकडचं पाणी दिसत होतं. कोरीव दगड सगळीकडे विखुरलेले, काही जवळच्या बांधाला लावलेले. माणूस कुणी नव्हतं. पाणी वाहत होतं, पण त्याचा आवाज आमच्यापर्यंत येत नव्हता. पात्र खोल असेल, मी मनात म्हटलं.

राजसी वही काढून बसली. तासभर शांततेत गेला. मला बसल्या बसल्या डुलकी लागली, आणि मी जागा झालो तो सुरुचीच्या आवाजाने. खडा घ्यायचा राहिला, असं ती कपाळाला हात लावून सांगत होती.

"अर्धा दिवस तिघं फिरलो की आपण," ती म्हणाली.

"आत्ता घेऊ, त्यात काय," म्हणत राजसी उठली. चौकटीच्या आत गेली, वाकली आणि एक दगड घेऊन आली. तळहाताएवढा, काळा, गुळगुळीत. तिने तो माझ्या हातावर ठेवला. दगड ओला होता. पाणी तिथून बरंच खाली होतं, आणि दगड पडला होता तिथली माती कोरडी ठाक होती. सावलीत दव राहतं, असं म्हणून मी तो पुसला.

मला चेष्टेची लहर आली. पोरगी हसत होती, तिला अजून हसवावं एवढंच डोक्यात होतं. दगड जोत्यावर ठेवून मी हात जोडले आणि लग्नाचं आमंत्रण करतात तशा सुरात म्हणालो, "यायचं बरं का. आमच्यातलेच आहात, घरचेच समजा. राजसीशेजारी बसा, पोटभर जेवा, संकोच करू नका."

राजसी पोट धरून हसली. सुरुची मात्र हसली नाही.

"असं नसतं म्हणायचं," ती म्हणाली. "नुसतं 'तू चौथा' म्हणायचं. त्याला घरात नाही घ्यायचं."

मी तिला आणखी थोडं चिडवलं आणि आम्ही गाडीकडे निघालो. पुढे सुरुची, मागे राजसी, शेवटी मी. सागाची वाळलेली पानं पायाखाली वाजत होती. बुटाची नाडी सुटली म्हणून मी वाकलो. त्या दोघीही माझ्यासाठी थांबल्या. पानं माझ्या मागे थोडी आणखी वाजली आणि मग थांबली. वळून बघितलं तर जोतं आणि चौकट, दुसरं काही नाही. घोरपड असेल. त्या भागात घोरपडी आहेत.

४

राजसी माझ्या मागच्या सीटवर बसली आणि दगड तिने डावीकडच्या रिकाम्या सीटवर ठेवला, माझ्याच आमंत्रणाप्रमाणे. गाडी सुरू केली तशी पट्ट्याची घंटी वाजायला लागली. आमच्या गाडीत मागच्या सीटवर वजन पडलं आणि पट्टा लावलेला नसला की ती वाजते. राजसीने पट्टा लावला होता. डॅशबोर्डवरचा लाल दिवा डाव्या सीटचा होता.

शाल, थर्मास, पिशवी सगळं तिथून काढायला लावलं. राहिला फक्त तो दगड. घंटी वाजतच होती. एवढ्याशा दगडाने सेन्सर दाबला जात नाही हे मला माहीत आहे, आमचं कामच असल्या गोष्टींचं. पण सेन्सर बिघडतात हेही मला माहीत आहे. शेवटी सुरुचीने मागे हात घालून त्या रिकाम्या सीटचा पट्टा लावून टाकला. घंटी थांबली.

जेवायला बारवी धरणाच्या रस्त्यावर बनूबाईंच्या झोपडीवजा खाणावळीत गेलो. आधी एकदोनदा तिथे जेवलो होतो. चुलीवरची तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं, लसणाची चटणी. बनूबाईंनी पाण्याचे चार पेले ठेवले आणि चार ताटं मांडली. मी तीन म्हणालो. त्यांनी आमच्याकडे बघितलं, मग दाराकडे.

"ती दुसरी पोर जेवनार नाय?" त्यांनी विचारलं. "गारीतून तुमच्याच संगती उतरली न? भुकेजलेली दिसते."

आमच्याबरोबर दुसरी कुणी नाही, असं मी सांगितलं. उन्हातून आत बघताना गल्लत झाली असेल. त्या बरं म्हणाल्या आणि चौथं ताटही वाढून गेल्या. परत घेऊन जा म्हणायला मी उठणार, तर सुरुचीने हाताने बस म्हटलं. वाढलेलं परत पाठवू नये, राजसीलाच लागेल, असं ती म्हणाली.

राजसीने भाकरीचा तुकडा बिरड्यात बुडवला आणि तो बराच वेळ हातात धरून बसली. नंतर ताटाच्या कडेला ठेवला. तिला उमासे येत होते. सुरुची तिला घेऊन मागच्या मोरीवर गेली, मीही पाठोपाठ गेलो. चूळ भरून परत आलो तेव्हा राजसीचं ताट भरलेलं होतं आणि चौथ्या ताटात काही नव्हतं. भाकरीचा कण नाही, चटणीचा डाग नाही. बोटाने निपटून घ्यावं तसं ते ताट लख्ख होतं.

कुत्र्यामांजराने खाल्लं असतं तर ताट हललं असतं, सांडलं असतं. बनूबाईंनीच बदललं असेल, असं ठरवून मी पैसे दिले. त्यांना विचारायचं मात्र टाळलं. निघताना त्या सुरुचीला सांगत होत्या की एक तरी पोर चांगली जेवली, ऐकून सुरुची कसनुसं हसली.

५

परतीच्या वाटेवर राजसी झोपली. सुरुचीचेही डोळे मिटले होते. माझं मन थाऱ्यावर नव्हतं. मी मानत नाही, पण सगळं त्या दगडापासून सुरू झालं होतं, आणि तो फेकून द्यायला काही मानावं लागत नाही. नदीवरच्या पुलापाशी गाडी बाजूला घेतली. आवाज न करता डावीकडचं मागचं दार उघडलं, पट्टा सोडला आणि दगड उचलला. त्याच्याखालची सीट ओलीचिंब होती, दगडापेक्षा कितीतरी मोठ्या जागेत, पाठीच्या गादीपर्यंत.

कठड्यापाशी जाऊन मी दगड जोरात पाण्यात भिरकावला आणि आवाजाची वाट बघत उभा राहिलो. पुलावरून एक ट्रक गेला. त्याच्या धडधडीत पडल्याचा आवाज बुडाला असणार.

गाडी सुरू केली. घंटी वाजली नाही. डावा दिवाही लागला नाही. मला इतकं बरं वाटलं की मी गाणं गुणगुणायला लागलो. आता आम्ही तिघं होतो. बदलापूरच्या वेशीपाशी आलो तेव्हा सहज मान वळवून राजसीकडे बघितलं. झोपेत अवघडल्यामुळे असेल, पण तिने पट्टा काढून टाकला होता. तो दारापाशी लोंबत होता.

घंटी वाजायला हवी होती. मी दिव्याकडे बघितलं. तिच्या सीटचा दिवा विझलेलाच होता. गाडीच्या लेखी तिथे कुणी बसलेलं नव्हतं.

पोरीचं वजन उतरलंय, मी स्वतःला सांगितलं, सेन्सर मघापासून बिघडलाय. दोन्ही कारणं पटण्यासारखी होती. गाणं मात्र पुन्हा सुचलं नाही.

६

सुरुचीला जाग आली आणि तिला शहाळं प्यावंसं वाटलं. कडेला हातगाडी दिसली, थांबलो. नारळवाला माझ्या खिडकीपाशी आला, आत नजर टाकली आणि म्हणाला, "तीन ना, साहेब?" मी हो म्हणालो. तीन ऐकून मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू.

त्याने एक शहाळं मला दिलं, एक सुरुचीला, आणि तिसरं गाडीला वळसा घालून डाव्या बाजूच्या मागच्या खिडकीतून आत दिलं.

"बाबा," माझ्या पाठीमागून राजसी हळूच म्हणाली, "मला नाही दिलं त्याने."

मी माझं शहाळं मागे केलं. तिने ते घेतलं नाही. शेजारी सुरुची मागे वळून डाव्या सीटकडे बघत होती. तिच्या चेहऱ्यावर मी गेल्या कित्येक महिन्यांत न बघितलेलं समाधान होतं.

"अहो, बघा तरी," ती मला म्हणाली. "सगळं प्यायली. मलईसुद्धा खातेय."

मला मागे वळता येईना. आरशात बघितलं. आरशात डावी सीट अर्धीच दिसत होती. राजसीच्या ओढणीचा हिरवा काठ होता, आणि त्याच्यावर एक हनुवटी. ती सावकाश, मन लावून चावत होती. मी आरसा वर ढकलला. गाडीचं छत दिसायला लागलं तेव्हा कुठे मला श्वास घेता आला.

"आई माझ्यावर रागावलीय का?" राजसीने विचारलं. तिचा आवाज माझ्या मानेपाशी, अगदी जवळ होता. "मी दोनदा हाक मारली, ती बघतच नाहीये."

नाही बाळा, दमलीय ती, असं मी म्हणालो. सुरुचीने कुणाशी बोलताय म्हणून माझ्याकडे बघितलं. मी डावा हात मागे नेऊन राजसीचं मनगट पकडलं. थंड आणि बारीक होतं, पण तिचंच होतं. सोसायटी येईपर्यंत मी एकाच हाताने गाडी चालवली.

७

दिवेलागणीला घरी पोचलो. लिफ्ट बंद होती. सुरुची आधी उतरली आणि कुणाशी तरी बोलत, हसत जिना चढायला लागली. राजसी पहिल्याच पायऱ्यांवर दमून बसली. तू हो पुढे, मी येते हळूहळू, असं ती म्हणाली. तिला उचलून न्यायला हवं होतं. पण घरात आधी मला जायचं होतं, आत काय आहे ते तिच्या नजरेला पडायच्या आत मला बघायचं होतं. निदान तेव्हा मी स्वतःला तसं सांगितलं.

मालिनीकाकू दारातच होत्या. पोरीच्या तोंडावर केवढी तरतरी आलीय, म्हणाल्या, आत्ताच आईबरोबर वर गेली, भूक लागलीय म्हणत होती.

घराचं दार सताड उघडं होतं. स्वयंपाकघरात दिवा, कुकरमधल्या भाताची वाफ, सुरुचीच्या बांगड्या. टेबलापाशी दाराकडे पाठ करून एक मुलगी जेवायला बसली होती. हिरवी ओढणी. खांदे भरलेले, ताटावर आलेलं मनगट गोल. आजारपणाआधी राजसी बसायची तशी, एक पाय वर घेऊन. वरणभाताचे घास ती एकामागून एक घेत होती आणि सुरुची तिच्या शेजारी उभी राहून वाढत होती. सुरुचीच्या गालांवरून पाणी वाहत होतं.

"तिसऱ्यांदा भात घेतलाय हो तिने," ती मला म्हणाली. "दार लावा, डास येतायत."

जिन्यात चपलांचा आवाज येत होता. चार पायऱ्या चढायच्या, थांबायचं, श्वास घ्यायचा, पुन्हा चढायचं. माझ्या लेकीचा तो श्वास मी अंधारात उभा राहून इतका ऐकला आहे की हजारांतून ओळखीन. मी दार लावलं. कडी नाही घातली, नुसतं लावलं. विचार करायला मला थोडा वेळ हवा होता.

दारावर टकटक झाली. जोर नव्हता त्यात.

"बाबा, दार उघड ना. मी आहे."

सुरुचीने मान वर केली नाही. टेबलापाशी पाठमोरी मुलगी जेवत राहिली. मी कडीवर हात ठेवला. बाहेर कोण आहे याबद्दल मला शंका नव्हती, हे मला लिहून ठेवायलाच हवं. शंका असती तर आज मला झोप लागली असती. पण बाहेर जी होती ती जेवत नव्हती. ती दिवसेंदिवस कमी होत चालली होती. अशी खंगत गेली तर पुढे काय होणार ते डॉक्टरांनी मला त्या दुपारी सांगितलं होतं, आणि ती भीती उरावर घेऊन आणखी एक दिवसही काढायची ताकद माझ्यात उरली नव्हती. आतली चौथ्यांदा भात मागत होती.

"बाबा?"

मी कडी घातली. ती बसताना आवाज करते, म्हणून दार दाबून धरून हळूच घातली.  मग बाहेर भिंतीला पाठ घासत कुणीतरी खाली बसल्याचा आवाज झाला आणि तो श्वास.

"बाबा, तू वाढ ना," टेबलापाशी बसलेली मुलगी मागे न वळता म्हणाली. आवाज राजसीचाच होता.

सुरुचीने पातेलं माझ्यापुढे केलं. मी हात धुतले, तिच्या पाठीमागे जाऊन उभा राहिलो आणि तिला वाढायला लागलो.